नाणे, तिकीट आणि जाहिरात

सुट्या पैशांची चणचण कोणाला ठाऊक नाही? मोबाईलवरून पैसे चुकते करण्याची सोय गावोगाव पोचली, त्याआधीचे दिवस आठवून पाहा. वाण्याकडे जावं, मीठमिरची घ्यावी, आणि उरलेला एक रुपया परत मागावा, तर त्यानं बरणीत हात घालून गोड गोळी काढावी आणि ती आपल्या हातावर ठेवावी. गोळी पोराच्या तोंडात जायची आणि व्यवहार पुरा व्हायचा. पण समजा, तीच गोळी घेऊन आपण दुसऱ्या दिवशी त्याच वाण्याकडे गेलो आणि म्हणालो, “शेटजी, ही घ्या आणि एक रुपयाची काडेपेटी द्या,” तर तो घेईल काय? हसेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. गोळी आणि नाणे यांत फरक आहे तो एवढाच. जे आपण घेतो ते पुढचा माणूसही बिनतक्रार घेईल, अशी खात्री ज्याच्याबद्दल असते ते नाणे. धातू, छाप, वजन या साऱ्या गोष्टी मागाहूनच्या.

ही खात्री एखाद्या देशातून अचानक नाहीशी झाली तर लोक काय करतात, याची एक मोठी मौजेची आणि तितकीच विचार करायला लावणारी हकीगत आज आपल्यासमोर ठेवायची आहे. तीत पोस्टाचं तिकीट आहे, नाणं आहे, औषधविक्याची जाहिरातही आहे, आणि या तिन्ही गोष्टी एकाच इवल्याशा डबीत बसलेल्या आहेत. तिकिटांचा छंद असलेले लोक त्या डबीसाठी आज भारी किंमत मोजतात. ती का मोजतात हेही ओघाने कळेलच.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. युद्ध म्हटलं की खर्च आला. डिसेंबर १८६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. पुढं १८६२ च्या फेब्रुवारीत सरकारनं कायदा करून कागदी नोटा काढल्या. या नोटांच्या पाठीचा रंग हिरवा, म्हणून लोक त्यांना ‘हिरव्या पाठीच्या’ म्हणू लागले. आता पाहा, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात चांदी असेल तर आपण बाजारात काय देऊ? कागद देऊ आणि चांदी गाडग्यात पुरून ठेवू. आपल्या आज्यापणज्यांनीही जुने कलदार रुपये असेच जपून ठेवले होते. अर्थशास्त्रात याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात, म्हणजे खोटं चलन खऱ्याला बाजारातून हुसकून लावतं. परंतु नियमाचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नाही अशा लाखो माणसांनी तो त्या वर्षी पाळून दाखवला. कागदी डॉलर जसजसा उतरू लागला, तसतशी चांदीची नाणी घरात दडली किंवा सरहद्द ओलांडून कॅनडाकडे गेली. १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत अशी पाळी आली की हलक्या धातूचा सेंटसुद्धा दिसेना.

मोठ्या व्यापाऱ्याचं याने फारसं बिघडत नाही. त्याचा व्यवहार हुंडीवर, चेकवर, खात्यावर चालतो. मोड नाही म्हणून अडतो तो रोज कमावून रोज खाणारा. पाव आणायचा, दूध आणायचं, घोड्यांच्या ट्रामचं भाडं द्यायचं. रक्कम दोनचार सेंटांची, आणि हाती नोट डॉलरची! दुकानदार म्हणणार, सगळ्या डॉलरचा माल घ्या, नाहीतर माझी चिठ्ठी घ्या. चिठ्ठी घेतली की माणूस त्याच दुकानाशी बांधला गेला. सुटे पैसे म्हणजे गरिबाचं स्वातंत्र्य असतं, आणि त्याची किंमत ते हरवल्यावाचून कळत नाही.

अशा वेळी लोकांची नजर पोस्टाच्या तिकिटांवर गेली. का गेली? तिकिटांवर किंमत छापलेली असते, ती सरकारनं छापलेली असते, ती एक सेंटापासून मिळतात, आणि कोणत्याही पोस्टात त्यांच्या बदल्यात सरकार काम करून देतं. साध्या पत्राला त्या वेळी तीन सेंट लागत. म्हणजे तीन सेंटांचं तिकीट घेणाऱ्याला एवढी खात्री नक्की होती की काहीच जमलं नाही तर निदान एक पत्र तरी जाईल. वाण्याच्या गोळीपेक्षा ही हमी केव्हाही मोठी. १७ जुलै १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीनं कायदाही झाला, की पाच डॉलरच्या आतलं सरकारी देणं तिकिटांनी चुकतं करता येईल. त्याच कायद्यानं एक डॉलरच्या आतल्या खाजगी चिठ्ठ्या नि टोकनं काढायला मनाई केली.

झालं, पोस्टाच्या खिडक्यांवर झुंबड उडाली. पण तिकीट हे चिकटण्यासाठी बनवलेलं. त्याच्या पाठीला डिंक. उन्हाळ्याचे दिवस, घामेजलेले हात. खिशात ठेवलेली दहा तिकिटं संध्याकाळी एकमेकांना चिकटून एक गोळा व्हायचा. कोपरे फाटायचे, चित्र पुसट व्हायचं, आणि मग “हे मी घेणार नाही” म्हणून भांडण. न्यूयॉर्कच्या छापखानदारांनी यावर पहिला तोडगा काढला तो छोट्या पाकिटांचा. पाकिटावर आत किती सेंटांची तिकिटं आहेत तो आकडा, आणि शेजारी कुठल्यातरी दुकानाची जाहिरात! तिकीट आणि जाहिरात यांची गाठ पडली ती अशी. पण पाकीटही कागदाचंच, आणि आत खरोखर तेवढी तिकिटं आहेत की नाहीत हे उघडून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

याच वेळी जॉन गॉल्ट नावाच्या एका कल्पक माणसानं १२ ऑगस्ट १८६२ रोजी एक पेटंट घेतलं. त्याची युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पुठ्ठ्याची एक गोल चकती घ्यायची. तिच्यावर तिकीट ठेवून त्याचे कोपरे मागं मुडपायचे. तिकिटाच्या तोंडावर अभ्रकाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा ठेवायचा. हे सगळं पितळेच्या गोल कडीत बसवून मागून पितळेची चकती दाबायची. शर्टाचं गुंडीबटण जसं दाबून बसवतात तसंच हे काम, आणि ते केलंही बटणं बनवणाऱ्या कारखान्यानंच, कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरी गावच्या स्कोव्हिल कंपनीनं. तयार झालेली डबी साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याएवढी. समोरच्या खिडकीतून तिकीट स्वच्छ दिसतं, हात लावला तरी मळत नाही, चिकटत नाही. एक सेंटापासून नव्वद सेंटांपर्यंतच्या तिकिटांच्या अशा डब्या निघाल्या.

पण डबी फुकट होत नाही. एक सेंटाचं तिकीट जपायला पितळ, अभ्रक आणि मजुरी कोणी द्यायची? गॉल्टची खरी हुशारी इथं दिसते. डबीची पाठ मोकळी होती. ती पाठ त्यानं व्यापाऱ्यांना विकली. व्यापाऱ्यानं तिकिटाची दर्शनी किंमत आणि वर डबीचा थोडा खर्च द्यायचा. पितळेवर त्याचं नाव ठसठशीत उठवून मिळायचं. मग त्यानं त्या डब्या सुट्या पैशांच्या जागी गिऱ्हाइकांना द्यायच्या.

विचार करा, छापील हस्तपत्रक माणूस वाचतो न वाचतो आणि टाकून देतो. पण जी जाहिरात म्हणजेच पैसा आहे ती कोण टाकील? ती खिशात जपली जाईल, आणि टाकायची झालीच तर दुसऱ्याच्या हातातच टाकली जाईल. आजच्या भपकेबाज जाहिरातशास्त्राला ही कल्पना फार मागची वाटेल, पण तिच्याहून पक्की कल्पना सुचणं कठीण आहे.

आता या डब्यांच्या पाठीवर कोण होतं ते पाहू. तीसएक व्यापाऱ्यांची नावं सापडतात. लॉर्ड अँड टेलर हे न्यूयॉर्कचं कापडाचं मोठं दुकान त्यांत आहे. बॉस्टनच्या बर्नेटचं केसांना लावायचं ‘कोकोएन’ नावाचं तेलही आहे. नावावर जाऊ नका, ते नारळाचं तेल होतं. आपल्या घरचं खोबरेल सुवास घालून, बाटलीत भरून, परदेशी थाटात उभं होतं म्हणाना! ड्रेकचं ‘प्लँटेशन बिटर्स’ आहे. शक्तिवर्धक काढा म्हणून ते विकलं जाई, आणि त्याची शक्ती मुख्यतः त्यातल्या मद्यार्काची होती. आणि सर्वांत आघाडीवर आहे मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा औषधविक्या आयर, त्याच्या जुलाबाच्या गोळ्या आणि रक्तशुद्धीचा सार्सापरिला घेऊन. औषधाच्या बाटलीत काय आहे ते सांगण्याची सक्ती करणारा अमेरिकेचा देशव्यापी कायदा झाला १९०६ साली. म्हणजे १८६२ मध्ये असा अंकुश नव्हता.

इथं क्षणभर थांबायला पाहिजे. डबीच्या तोंडावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन किंवा जेफरसन यांचा चेहरा, म्हणजे राष्ट्राचा शब्द. डबीच्या पाठीवर “आयरच्या गोळ्या घ्या”, म्हणजे दुकानदाराचा शब्द. दोन्ही एकाच पितळेत बसवलेले. अडाणी माणसाला असं वाटलं असेल काय, की ज्याच्या शब्दावर हा पैसा चालतो त्याच्याच शब्दावर ही गोळीही चालते? कायद्यानं तसा काही संबंध नव्हता. पण विश्वास कायद्याची कलमं वाचून बसत नाही, तो शेजारी शेजारी ठेवलेल्या वस्तूंवर आपोआप पसरतो. व्यापाऱ्यानं पैसे मोजले ते या पसरण्यासाठी.

गॉल्टचा धंदा फार दिवस चालला नाही. १८६२ च्या ऑगस्टमध्येच सरकारनं लहान रकमेच्या कागदी नोटा काढायला सुरुवात केली. गंमत अशी की त्या नोटांवर चित्रं होती ती तिकिटांचीच. पंचवीस सेंटांच्या नोटेवर पाच सेंटांची पाच तिकिटं ओळीनं छापलेली. पहिल्या काही नोटांच्या कडाही तिकिटांसारख्या दातेरी होत्या. लोकांचा विश्वास तिकिटावर बसला होता, म्हणून सरकारनं आपल्या नोटेला तिकिटाचं सोंग दिलं! या नोटा मुबलक झाल्या तशी डब्यांची गरज संपली. मग लोकांनी डब्या फोडल्या, आतलं तिकीट काढलं आणि पत्राला लावलं. साडेसात लाखांच्या आसपास डब्या विकल्या गेल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांपैकी साडेतीन ते सात हजारच आज उरल्या असतील असं मानतात. म्हणजे शंभरांत एकही धड नाही. आज त्या महाग आहेत त्या यामुळे.

दुसरी हकीगत न्यूझीलंडची. १८९३ साली तिथल्या पोस्टखात्यानं तिकिटांच्या पाठीवर जाहिराती छापू दिल्या. पुढं व्हिक्टोरिया राणी, मागं बीचमच्या गोळ्या, सनलाईट साबण, कॅडबरीचा कोको असा मासला. पण ही योजना गॉल्टच्या अगदी उलट पडली. गॉल्टची जाहिरात सतत दिसत राही. ही मात्र तिकीट चिकटलं की कायमची झाकली जाई. वाचायची ती तिकिटाला जीभ लावण्याच्या आधीच्या क्षणी! लोकांना जिभेखाली शाई येणंही रुचलं नाही, तक्रारी झाल्या, आणि लवकरच हा प्रयोग बंद पडला. तिकिटं जमवणाऱ्यांनी मात्र पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवली आणि झाकलेल्या जाहिराती पुन्हा उजेडात आणल्या. कोणत्या जाहिरातीची जागा तावावर कुठं होती, हे एकेक तिकीट जुळवून ठरवण्यात काही जणांनी वर्षानुवर्षं घातली आहेत.

पहिल्या महायुद्धात युरोपावर तीच पाळी आली. रशियानं १९१५ साली तिकिटांच्याच ठशांनी जाड कागदावर दहा, पंधरा आणि वीस कोपेकचे तुकडे छापले आणि मागं लिहिलं की हे चांदीच्या नाण्याबरोबरीनं चालेल. युद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये गॉल्टची डबी नव्यानं जन्माला आली. या वेळी ती ॲल्युमिनियमची होती. तिच्या एका नमुन्यावर ‘एफ. वाय. पी.’ अशी अक्षरं आहेत. त्या फ्रेंच शब्दांचा भावार्थ, ‘सुचायला हवं होतं!’ असा. आतल्या तिकिटावर बी पेरत चाललेल्या शेतकरी स्त्रीचं चित्र, आणि पाठीवर क्रेदी लिओने या बँकेची किंवा एखाद्या पेयाची जाहिरात. जर्मनीतही अशा डब्या निघाल्या. पण तिथं १९२३ साली चलनाची अशी दैना झाली की पोस्टाला पाच हजार कोटी मार्कांचं तिकीट छापावं लागलं. तेव्हा पूर्वी मोड म्हणून जपलेल्या डबीतल्या काही फेनिंगांच्या तिकिटाची किंमत काय राहिली असेल? डबी तशीच चकचकीत, तिकीट तसंच कोरं. सुकलं होतं ते त्यामागचं पाणी. पितळ किंवा ॲल्युमिनियम तिकिटाला घामापासून वाचवतं. सरकारची पत गेली तर त्यापासून वाचवणारी डबी अजून कोणी बनवलेली नाही.

आपल्या देशाला हा अनुभव अगदीच नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ च्या सुमारास, आपल्याकडेही खुर्दा नाहीसा झाला. धातू युद्धाकडे गेला, उरलेला लोकांनी दडवला. तेव्हा, १९४३ साली, तांबं वाचवण्यासाठी मधोमध छिद्र असलेला पैसा निघाला. ‘भोकाचा पैसा’ म्हणून जुन्या घरांतून तो अजून कुठंतरी सापडतो. काठियावाड आणि राजपुताना इकडच्या काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याची छोटी कूपनं मोड म्हणून चालवली.

पोस्ट आणि जाहिरात यांची गाठही आपल्या खात्यानं घातली आहे. २००२ साली ‘मेघदूत’ नावाचं पोस्टकार्ड निघालं. साधं कार्ड ५० पैशांना मिळत असताना हे २५ पैशांना. पत्त्याच्या बाजूचा डावा भाग जाहिरातीला दिलेला, आणि उरलेला खर्च जाहिरातदाराचा. खाजगी कंपन्यांप्रमाणं सरकारी मोहिमांचे संदेशही त्यावर छापले गेले. नाव कालिदासाच्या काव्यावरून घेतलेलं. त्या काव्यातला रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचं रामटेक असं परंपरा मानते. तेव्हा यक्षाच्या निरोपाबरोबर आता दुकानदाराचाही निरोप जाऊ लागला, असं कोणी म्हटलं तर त्यात थोडी थट्टा आहे आणि थोडं खरंही आहे.

मग हे चांगलं की वाईट? एका बाजूनं पाहिलं तर जाहिरातीनं गरिबाचं पत्र निम्म्या किमतीत पोचवलं. अमेरिकेत तर अडलेला बाजार काही महिने चालता ठेवला. हे उपकार लहान नाहीत. दुसऱ्या बाजूनं, सरकारचा शिक्का ही साऱ्या लोकांची ठेव आहे. तिची पाठ भाड्यानं देताना तिथं कोण येऊन बसतो, त्याच्या गोळीत काय आहे, हे पाहण्याची जबाबदारीही त्याबरोबर येते. माझं स्वतःचं मत असं की जाहिरात असावी, पण तिची जागा वेगळी आणि उघड दिसणारी असावी. सरकारचा शब्द कुठं संपतो आणि दुकानदाराचा कुठं सुरू होतो, हे चौथीतल्या मुलालाही कळलं पाहिजे. त्या कसोटीला मेघदूत कार्ड बरंचसं उतरतं. गॉल्टची डबी पूर्णपणे उतरत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, शेवटी आपल्यासाठी दोन शब्द. गॉल्टची डबी आपल्या शाळेत येणं कठीण आहे, आणि कोणी स्वस्तात देऊ लागला तर सावध राहावं, कारण नकली मालही पुष्कळ आहे. पण हाच छंद फुकटात करता येतो. गावातल्या घरांतून जुनी पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, पाकिटं मागवा. मजकूर खाजगी असेल तर घरच्यांची परवानगी आधी घ्या. त्यांतून जाहिरात किंवा प्रचाराचा संदेश असलेली निवडा. मुलांना एक गोष्ट बजावून सांगा, की तिकीट कापून काढायचं नाही. कार्ड अखंड ठेवायचं, कारण पोस्टाचा शिक्का, गाव, तारीख आणि जाहिरात ही सगळी मिळून एक साक्ष होते. सुटं तिकीट म्हणजे तोंड नसलेला साक्षीदार. जुनं नाणं सापडलं तर ते चिंचेनं घासून लखलखीत करू नका, त्यावरचा काळेपणा हासुद्धा त्याचा इतिहास आहे.

मग प्रत्येक वस्तूला मुलांकडून चार प्रश्न विचारवून घ्या. ही कोणी काढली? हिचे पैसे कोणी दिले? ही कोणाच्या हातात जायची होती? आणि हिच्यावर लोकांनी विश्वास का ठेवला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं वस्तू पाहून बरीचशी मिळतात. चौथ्यासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागेल. ती माणसं आहेत तोवर हे काम उरकून घ्या, कारण अमेरिकेतल्या साडेसात लाख डब्या ज्यांच्या हातांतून गेल्या त्यांतल्या बहुतेकांना कोणी काही विचारलंच नाही. त्यांनी डबी फोडली, तिकीट काढलं, पत्राला लावलं, आणि पुढच्या कामाला लागले.